परदेशातला उन्हाळा: घरचे गोडधोड आणि सावकाश केलेली सहल

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे उन्हाळ्यात दरवर्षी एक अडचण येते आणि तिचे मूळ पंचांगात आहे. आपल्या मनातला उन्हाळा चैत्रात सुरू होऊन मृग नक्षत्रापाशी संपतो. अक्षय्य तृतीया, कैऱ्या, आंबे आणि मे महिन्याची सुट्टी हे सारे त्यात एकत्र येते. अमेरिकेत मात्र शाळा मेअखेर किंवा जूनमध्ये सुटतात, इंग्लंडमध्ये जुलैच्या उत्तरार्धात सुमारे सहा आठवड्यांची सुट्टी लागते आणि जर्मनीत प्रत्येक राज्याच्या तारखा वेगळ्या असतात. मुले मोकळी होईपर्यंत देवगड-रत्नागिरीचा हापूस संपून कोकणात भातलावणीची लगबग सुरू झालेली असते. ऑस्ट्रेलियातील कुटुंबे या बाबतीत सुदैवी आहेत, कारण तिथली मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत येते आणि केनसिंग्टन प्राइड जातीचे आंबे त्याच दिवसांत बाजारात असतात. इतरांनी सरळ दोन उन्हाळे मानावेत, असे मी सुचवेन: एप्रिल-मेच्या शनिवार-रविवारी आंब्याचा आणि मोठ्या सुट्टीत सहलीचा व तिथल्या फळांचा. आठवणीतला सगळा मे महिना जुलैच्या एका पंधरवड्यात बसवण्याचा हट्ट धरला, तर आईवडील थकतात आणि मुलांना त्यातले काहीच नीट मिळत नाही.

आंब्याच्या उन्हाळ्यात ताज्या फळाचा मोह स्वाभाविक आहे. अमेरिकेत भारतीय आंब्याची आयात २००७ पासून पुन्हा सुरू झाली. त्यासाठी फळांवर निर्यातीपूर्वी किरणप्रक्रिया करावी लागते आणि ती सहसा विमानाने पाठवली जातात, त्यामुळे पेटी महाग पडणारच. एखादी पेटी हौसेने घ्यावी, ती कापून सगळ्यांनी मिळून खावी. तिचा रस काढून मिठाईत घालू नये. मिठाईसाठी डब्यातला हापूस किंवा केसर आंब्याचा रस पुरेसा चांगला असतो. त्यात बहुधा साखर असतेच, म्हणून डब्यावरचा मजकूर वाचूनच पुढची साखर ठरवावी. डबा उघडल्यावर उरलेला रस काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा व तीन-चार दिवसांत संपवावा, किंवा बर्फाच्या साच्यात घालून गोठवावा. डब्यातला रस वाढताना त्यात चिमूटभर मीठ, थोडी सुंठ आणि वरून साजूक तूप घातले की त्याचा एकसुरी गोडपणा बराच कमी होतो.

श्रीखंडाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण परदेशात सहज, शिवाय उत्तम होण्यासारखा हा मराठी पदार्थ आहे आणि तरीही पुष्कळ घरांत तो विकतच आणला जातो. चक्क्यासाठी ग्रीक दही घ्यावे. ते आधीच गाळलेले असल्यामुळे निम्मे काम झालेले असते. मात्र घटकांच्या यादीत दूध आणि विरजण यांखेरीज काही नाही, हे पाहून घ्यावे. स्टार्च किंवा जिलेटिन घालून घट्ट केलेले दही कितीही वेळ टांगले तरी त्यातले पाणी नीट सुटत नाही. पूर्ण स्निग्धांशाचे दही स्वच्छ सुती फडक्यात बांधून चाळणीत ठेवावे, खाली पातेले आणि वर वजन ठेवून रात्रभर फ्रिजमध्येच राहू द्यावे. बाहेर टांगले तर उन्हाळ्यात ते आंबट होते. ५०० ग्रॅम चक्क्याला ३५० ते ४०० ग्रॅम साखर हे आपले जुने प्रमाण आहे. ग्रीक दही कमी आंबट असल्यामुळे ३०० ग्रॅमही पुरते आणि आम्रखंड करायचे असेल तर त्याहून कमी. दुकानातल्या बारीक आयसिंग साखरेत सहसा मक्याचे पीठ मिसळलेले असते, म्हणून ती वापरू नये. साधी साखर चक्क्यात मिसळून तासभर ठेवली की विरघळते, मग मिश्रण पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून घोटून काढावे. कोमट दुधात भिजवलेले केशर, वेलदोडा आणि किंचित जायफळ एवढेच पुढे लागते. चक्क्याचे गळलेले पाणी टाकून देऊ नये; त्यात पोळ्यांची कणीक मळली तर पोळ्या मऊ होतात.

श्रीखंडात ताजी स्ट्रॉबेरी घालण्याला काही आज्यांचा विरोध असतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आपण इतकी वर्षे प्रेमाने खात आलो आहोत, तेव्हा या फळाला परके मानण्याचे कारण मला दिसत नाही. फळ कच्चे घातले तर पाणी सुटून श्रीखंड सैल पडते. आधी थोड्या साखरेत शिजवून, आटवून, पूर्ण गार करून घालावे. युरोप-अमेरिकेत जून-जुलैमध्ये शेतावर जाऊन स्वतः स्ट्रॉबेरी, चेरी, ब्लूबेरी तोडता येतात. ती अर्ध्या दिवसाची सहल आणि संध्याकाळचा साखरांबा असा कार्यक्रम लहान मुलांच्या घरांसाठी मला फार पसंत आहे, कारण सकाळी स्वतः तोडलेले फळ रात्री बरणीत भरताना मुले पाहतात. बरणी कोरडी आणि उकळत्या पाण्यातून काढलेली असावी, एवढी काळजी मोठ्यांनी घ्यावी.

कैरी मिळाली तर पन्हे जरूर करावे. जिथे ती मिळत नाही, तिथे उन्हाळ्याच्या सुरुवातीला रुबार्ब नावाच्या भाजीचे आंबट देठ बाजारात येतात. त्यांचे तुकडे थोड्या पाण्यात दहा मिनिटे शिजवून, गाळून, गूळ, मीठ आणि वेलदोडा घातला की गुलाबीसर पन्हे तयार होते. ते कैरीच्या पन्ह्यासारखे लागेल अशी अपेक्षा धरू नये. ते त्याच्या जागी चांगले आहे. रुबार्बची पाने विषारी असतात, म्हणून देठच वापरावेत आणि पाने मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. कोकमाचे सरबत हा याहून सोपा मार्ग, कारण आमसुले वर्षभर टिकतात.

या साऱ्या कामांत मुलांना खरा वाटा द्यावा, नुसते शेजारी उभे करून फोटो काढू नयेत. वेलदोडे सोलणे, साखर मोजणे, चक्का चाळणीतून घोटणे ही कामे सात-आठ वर्षांचे मूल नीट करते. हातांना काम असताना मुले मराठी सहज बोलतात. कविता म्हणून दाखव असे सांगितल्यावर जी गप्प बसतात, तीच मुले ‘अजून गुठळ्या आहेत’ हे वाक्य न अडखळता म्हणतात. आणखी एक खेळ करून पाहावा: लहान पिशवीत दूध, साय आणि साखर घट्ट बंद करावी, ती बर्फ व खडेमीठ भरलेल्या मोठ्या पिशवीत ठेवावी आणि हातमोजे घालून दहा-पंधरा मिनिटे हलवावी. मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्याही खालच्या तापमानाला वितळू लागतो, आसपासची उष्णता खेचून घेतो आणि दूध गोठते. आपल्याकडे हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आइस्क्रीम व्हायचे ते याच नियमाने, हे सांगण्याची संधी आजोबांना द्यावी.

भारतातून येणाऱ्या नातेवाइकांकडे मिठाई मागताना मात्र नियम पाहावेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना सामानात दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि बर्फी विमानतळावरच जप्त होऊ शकतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे सोबतच्या खाद्यपदार्थांची घोषणा करणे बंधनकारक असून चूक झाल्यास मोठा दंड होतो. सत्तरीच्या आजीला अशा प्रसंगातून जावे लागू नये, यासाठी तिला आधीच स्पष्ट सांगणे ही आपली जबाबदारी आहे.

आता सहलीविषयी. आपल्या लोकांच्या सहलीतला मोठा दोष घाई हा आहे. इतका खर्च केलाच आहे तर आणखी दोन ठिकाणे उरकू, या विचाराने पाहिलेले सारे एकमेकांत मिसळून जाते. दिवसाला एकच मुख्य ठिकाण ठेवावे आणि दुपारनंतरचा वेळ मोकळा सोडावा. अमेरिकेतील यलोस्टोन हे १८७२ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान सुमारे ९,००० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. ते एका दिवसात पाहण्याचा बेत आखू नये, किमान तीन दिवस द्यावेत आणि निवासाची नोंदणी कित्येक महिने आधी करावी. तिथल्या ओल्ड फेथफुल या उष्ण फवाऱ्याच्या दोन उसळ्यांमध्ये साधारण दीड तास जातो, तोच आपला डबा उघडण्याचा वेळ. अमेरिकेतील बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत ज्युनियर रेंजर उपक्रमाची पुस्तिका मिळते. ती पूर्ण करणाऱ्या मुलांना बिल्ला देतात, आणि त्या पुस्तिकेमुळे मुले उद्यान खरोखर निरखून पाहतात. लंडनमधील ब्रिटिश म्युझियम, विज्ञान आणि निसर्गइतिहास संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही, तेव्हा तासाभरात एक दालन पाहून बाहेर पडण्यात काही वाया जात नाही. जूनअखेर तिथे सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. जेवणानंतर बागेत फेरी मारण्याइतके ऊन शिल्लक असते.

आखाती देशांतील कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. जुलैत तिथे दिवसा बाहेर पडणे कठीण असते आणि भारतात जाणे प्रत्येक वर्षी शक्य नसते. त्यांनी ओमानमधील सलालाचा विचार करावा. जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तिथे खरीफ म्हणजे मोसमी वाऱ्यांचा काळ असतो. धुके, झिमझिम पाऊस, हिरवे डोंगर आणि रस्त्याकडेला शहाळी-केळी असे दृश्य दिसते. आषाढातल्या कोकणाची इतकी जवळची आठवण करून देणारी दुसरी जागा त्या भागात मला ठाऊक नाही.

प्रवासाच्या शिदोरीत दुधात मळलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि बेसनाचे लाडू असावेत. श्रीखंड, दहीभात यांसारखे नाशवंत पदार्थ बर्फाच्या पेटीबाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नयेत; तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास हीच मर्यादा. शक्य असेल तेथे स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, म्हणजे रात्री खिचडी होते. हॉटेलच्या साध्या खोलीत फोडणी करू नये; धुराचा इशारा वाजला की सारी इमारत रिकामी करावी लागते.

आजी-आजोबा सोबत असतील तर बेत त्यांच्या गुडघ्यांच्या आणि श्वासाच्या हिशेबाने आखावा. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख हे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि गाडी तिथे थोड्या वेळात पोहोचवते, त्यामुळे शरीराला विरळ हवेची सवय होत नाही. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच वर जावे. नेहमीच्या गोळ्या हातातल्या सामानात असाव्यात आणि प्रवासविमा घेताना जुने आजार लपवू नयेत.

सहलीतला एक दिवस मुलांना आखू द्यावा. खर्चाची मर्यादा, निघण्याची आणि परतण्याची वेळ एवढेच आपण ठरवावे. नकाशा, तिकिटे आणि जेवणाची जागा त्यांच्याकडे सोपवावी. त्यांनी दिवसभर पोहण्याचा तलाव निवडला आणि जवळचा प्रसिद्ध किल्ला राहून गेला, तरी आक्षेप घेऊ नये. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर जाण्याचा बेत मोठ्यांनी मांडला, तर तीच मुले न कुरकुरता येतात.