‘कोरस’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे: ‘वाचनगटासाठी ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या नाटकावर मराठीत टिपण लिहिते आहे. कोरससाठी समूहगान लिहू, सूत्रधार लिहू, की कोरसच ठेवू? आणि ही मंडळी नाटकात नेमकं करतात तरी काय?’

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘वृंद’ लिहा. ‘कोरस’ही चालेल, पण मग पहिल्याच पानावर खुलासा करावा लागेल, कारण मराठीत हा शब्द भलत्याच कामाला लागलेला आहे. सिनेमाच्या गाण्यात मागून आलाप घेणारे म्हणजे कोरस. वर्गात बाईंनी ‘समजलं का?’ विचारल्यावर मुलं ‘हो-ओ’ म्हणतात तेही कोरसमध्ये. एकूण, मुख्य माणूस वेगळा आणि हे त्याची री ओढणारे. शाहिरामागे झील धरणारे झीलकरीही आठवतील. ग्रीक नाटकातली मंडळी अशी कुणाच्या मागे उभी नसतात.

मूळ शब्द ‘खोरोस’. (इथे आपली लिपी सोयीची आहे, प्राचीन ग्रीकमधलं ते अक्षर आपल्या ‘ख’सारखंच महाप्राण होतं.) त्याचा अर्थ नाच, आणि त्यावरून नाचणाऱ्यांचा संच. गाणं असतंच, पण शब्दाच्या पोटात आहे तो नाच. कोरिओग्राफी त्याच घरातली. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे या खोरोसची नाचायची मोकळी जागा. पुढे ते नाव वादकांना मिळालं, आणि आपल्याकडे तर गणेशोत्सवात सिनेमाची गाणी म्हणणाऱ्या पार्टीला! म्हणून ‘समूहगान’ मला अपुरं वाटतं. शिवाय समूहगान हे गाण्याचं नाव आहे, गाणाऱ्यांचं नाही. ‘समूहगान क्रेऑनला (‘अँटिगनी’तल्या राजाला) म्हणतं’ असं वाक्य लिहून बघा.

आता रचना. ही मंडळी नाटकात कुठे बसतात असं आपण विचारतो, पण ग्रीकांची मोजणी उलटी होती: वृंद कुठे आहे त्यावरून नाटकाचे भाग पाडायचे. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त दिलेल्या व्याख्या पाहा. वृंद येण्यापूर्वीचा सगळा भाग म्हणजे प्रोलोगोस. वृंद गात आत येतो तो पारोदोस. दोन पूर्ण वृंदगीतांच्या मधला भाग एपेइसोदिऑन, आणि ज्याच्यानंतर वृंदगीत नाही तो शेवटचा भाग एक्सोदोस. मधल्या गीतांना स्टासिमॉन म्हणतात. त्यात ‘उभं राहणं’ हा धातू आहे, म्हणून काहीजण ते एका जागी थिजून गायचं गाणं समजतात. वृंद आपल्या जागी येऊन ठाकल्यावरचं गाणं, एवढाच त्याचा रोख आहे.

यातला एपेइसोदिऑन फार गमतीचा. शब्दशः अर्थ ‘आणखी एक प्रवेश’, वरून भर पडलेला. म्हणजे पात्रं येतात, भांडतात, मरणाच्या गोष्टी करतात, तो आपल्या लेखी मुख्य असलेला ऐवज नावापुरता तरी जोडकाम आहे. त्याला कारण आहे. आधी वृंद होता, नट नंतर आले. दुसरा नट सोफोक्लीसच्या आधीचा नाटककार एस्किलस याने आणला, तिसरा सोफोक्लीसने, हेही ॲरिस्टॉटलच सांगतो. आज आपण मालिकेचा ‘एपिसोड’ चुकला म्हणून हळहळतो ते या जोडकामाच्या नावाने.

‘सूत्रधार’ मात्र अजिबात नको. आपला सूत्रधार नाटक जाणतो, ओळख करून देतो. वृंदाला पुढचं काही ठाऊक नसतं. तो गोष्टीच्या आतला असतो, त्याला वय असतं, गाव असतं, भीती असते. तुमच्या ‘अँटिगनी’त (इ.स.पू. 441च्या सुमारास) तो थीब्जच्या वृद्धांचा आहे. राजा क्रेऑनची बंदी मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकली म्हणून अँटिगनीला गुहेत कोंडलं जातं, आणि ही मंडळी बराच वेळ राजाच्या कलाने घेतात. मग अंध भविष्यवेत्ता तिरेसियास शाप दिल्यासारखं भविष्य सांगून जातो, क्रेऑनचा ताठा मोडतो आणि तो त्यांनाच विचारतो, काय करू? ते सांगतात: आधी मुलीला सोडव, मग मेलेल्याला मूठमाती दे. क्रेऑन ऐकतो, पण क्रम उलटा करतो. प्रेताचे संस्कार आधी उरकतो आणि गुहेपाशी पोहोचेपर्यंत अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. सल्ला बरोबर होता, आणि तो वृंदाचा होता. तुमच्या टिपणात ही जागा जरूर घ्या.

याच्या उलट टोकाला एस्किलसचा ‘ॲगमेम्नॉन’ (इ.स.पू. 458). तिथे वृंद आर्गोसच्या म्हाताऱ्यांचा, ट्रॉयच्या लढाईला नेण्याइतकंही बळ नसलेल्यांचा. महालात राजा ॲगमेम्नॉनचा खून होत असतो, आतून त्याची किंकाळी येते. एवढा वेळ एका सुरात गाणारा वृंद तिथे फुटतो आणि एकेकटे बोलू लागतात. एक म्हणतो गावाला हाक घालू, दुसरा म्हणतो आत्ता आत घुसू, तिसऱ्याला आधी खात्री हवी. बारा जण, प्रत्येकी दोन ओळी. चर्चा संपते तोवर आत सगळं आटोपलेलं असतं. अशी सभा मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये.

मराठी रंगभूमीवरचं जवळचं उदाहरण विचाराल तर झीलकऱ्यांपेक्षा 1972च्या ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत. ती गाते, नाचते, पडदा होते आणि पुण्याचे ब्राह्मणही होते. ग्रीकांची नक्कल म्हणून नव्हे, ती आपल्या लोककलांच्या वाटेने आली. पण वाचनगटात कुणी ‘दिसतं कसं?’ विचारलं तर तिकडे बोट दाखवा.

‘वृंद’ शब्दातही एक खोट आहेच. त्यात माणसं आली, नाच नाही आला. सोफोक्लीसच्या ‘ईडिपस’मध्ये हाच घोटाळा होतो. असली अधर्माची कृत्यं मानाची ठरणार असतील तर, वृंद विचारतो, ‘मी खोरोसमध्ये नाचू कशाला?’ तिथे ‘गाऊ कशाला’ केलं की ओळ निम्मी होते. ‘नृत्यवृंद’ लिहून पाहिलं, तर शाळेचं स्नेहसंमेलन डोळ्यांपुढे आलं. म्हणून मी नाव ‘वृंद’ ठेवतो आणि त्या ओळीत ‘नाचू’ सोडत नाही.