वाचकांचे प्रश्न : कम्युनिटी कॉलेजातला ‘दोन वर्षांचा’ कोर्स

प्रश्न : पुण्यातून २०१२ साली मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. केलं. सध्या न्यू जर्सीत एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजात रेडिओग्राफी (एक्स-रे काढण्याचं तंत्र) शिकायची आहे. माझी पदवी धरतील का? आणि दोन वर्षांत नोकरी लागेल?

उत्तर : आधी व्हिसा. एच-४ वर शिकायला आडकाठी नाही, पण पगारी नोकरीसाठी ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतो. तो साधारणपणे नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली याचिका) मंजूर झाल्यावरच मागता येतो. शिवाय ईएडीशिवाय सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, आणि क्लिनिकलसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी, काही रुग्णालयं तो मागतात. फी भरण्याआधी कार्यक्रमाच्या समन्वयकाला हा एक प्रश्न ईमेलवर विचारा. उत्तर लेखी असू द्या.

‘दोन वर्षं’ ही फक्त मुख्य अभ्यासक्रमाची. त्याआधी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग येतात, बहुतेक ठिकाणी प्रयोगांसह प्रत्येकी ४ क्रेडिटचे. पहिला पास झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही. गणित आणि इंग्रजी वेगळं. तुकडी लहान, बहुधा वर्षातून एकदाच सुरू होणारी. अर्जाची तारीख हुकली की वर्ष गेलं. तेव्हा तीन ते साडेतीन वर्षं धरून चाला.

पदवीचं मूल्यांकन करून घ्या, मात्र ‘कोर्स-बाय-कोर्स’ (विषयवार) प्रकारचं. नुसती पदवी कशाच्या तोडीची एवढंच सांगणारा स्वस्त अहवाल क्रेडिटसाठी उपयोगी पडत नाही. भाषा, गणित यांचे क्रेडिट मिळू शकतात. विज्ञानाला मात्र अनेक कार्यक्रम ५ किंवा ७ वर्षांची मुदत लावतात, त्यामुळे २०१२चे विषय पुन्हा करावे लागतील असंच समजा. वाईट वाटेल, पण प्रवेश गुणांवर असतो. ताजा ‘ए’ जुन्या फर्स्ट क्लासपेक्षा कामाचा.

कार्यक्रमाला जेआरसीईआरटीची (रेडिओग्राफीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे का, ते पाहा. शेवटी एआरआरटी या तंत्रज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची परीक्षा द्यायची असते आणि न्यू जर्सीत राज्याचा परवानाही लागतो. तुमची पार्श्वभूमी पाहता मेडिकल लॅबोरेटरी टेक्निशियनचा कोर्सही तपासावा, असं आमचं मत. तिथे मान्यता एनएएसीएलएसची (लॅबच्या अभ्यासक्रमांसाठीची तशीच संस्था) बघायची.

प्रश्न : क्लिनिकलआधी टीबीची त्वचेची चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. लहानपणी बीसीजी घेतली आहे. प्रवेश जाईल का?

उत्तर : भारतातून आलेल्यांची ही नेहमीची अडचण. बीसीजीमुळे त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. ‘इग्रा’ ही रक्ताची चाचणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांचा अहवाल लागतो; सुप्त संसर्ग असेल तर उपचार सुचवतील, पण तो इतरांना लागत नाही आणि तेवढ्यावरून सहसा प्रवेश जात नाही.

गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांची लस घ्यायची असेल, तर टीबीची चाचणी त्याआधी किंवा त्याच दिवशी उरका. नंतर केली तर किमान ४ आठवडे थांबावं लागतं, कारण या जिवंत लसी चाचणीचा निकाल दाबू शकतात. हिपॅटायटिस बीच्या लसीची नेहमीची मालिका ०, १ आणि ६ महिन्यांची, आणि टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी) त्यानंतर १-२ महिन्यांनी. म्हणजे सप्टेंबरात क्लिनिकल असेल तर पहिला डोस जानेवारीतच घ्यायला हवा.