तेल आटतंय, पण गळत नाही

प्रश्न : पाण्याच्या पंपावरच्या हवेने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात कारचं उरलेलं ५डब्ल्यू-३० ऑइल घातलं. उन्हाळ्यात पातळी सारखी खाली जाते. गळती दिसत नाही. काय चुकतंय?

उत्तर : ऑइल वाईट नाही, जागा चुकली. या इंजिनाला रेडिएटर नसतो, त्यामुळे सिलिंडर कारपेक्षा बराच तापतो. बहुतेक लहान इंजिनांत ऑइल पंपही नसतो. कनेक्टिंग रॉडचा चमचा तेल उडवतो, तेवढंच वंगण. तापलेलं मल्टिग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३० सारखं थंडीत-उन्हात दोन्हीकडे चालणारं ऑइल, पिस्टनच्या रिंगांवरून वर सरकून जळतं. हवा कायम उष्ण असेल तर एसएई ३० हे एकाच ग्रेडचं ऑइल घाला. थंडीतही चालवायचं असेल तर १०डब्ल्यू-३०, मात्र पातळी वारंवार बघा. डब्यावर एपीआय एसजे (ऑइलच्या दर्जाची खूण) किंवा त्यापुढचा दर्जा हवा. टू-स्ट्रोकचं ऑइल अजिबात नको.

इंजिन सपाट जागी, बंद करून तपासा. डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) आटे बसवून मोजायची की नुसती टेकवून, हे माहितीपुस्तिकेत पाहा. इथेच बहुतेकांची गफलत होते. जास्त भरलंत तर तेल फेसाळतं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं. उलट पातळी वाढली आणि पेट्रोलचा वास आला, तर कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय. ती दुरुस्त करून मगच ऑइल बदला.