वाचकांचे प्रश्न : विलायती रंगभूमीवरची मावशी

प्रश्न : माळेगावच्या यात्रेत मी लहानपणापासून तमाशे पाहत आलो आहे. इंग्लंडमध्ये नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याने कळवले की, तिकडे नाताळात मुलांना ‘पँटोमाइम’ दाखवायला नेतात आणि त्यात एक पुरुष प्रौढ बाईचे सोंग घेऊन सगळ्यांना हसवतो. हा प्रकार बालगंधर्वांच्या वळणाचा समजावा की गवळणीतल्या मावशीच्या?
— एक वाचक, कंधार (जि. नांदेड)

उत्तर : निःसंशय मावशीच्या. १९११ साली ‘मानापमान’मध्ये बालगंधर्वांची भामिनी पाहणाऱ्या प्रेक्षकाला समोर पुरुष आहे याचा विसर पडावा, हीच त्या अभिनयाची कसोटी होती. पँटोमाइममधील या पात्राचे, ज्याला तिकडे ‘डेम’ म्हणतात, नेमके उलटे असते. जाडाभरडा आवाज, झग्याखालून डोकावणारे बूट आणि भलामोठा विग यांमुळे आतला बाप्या क्षणभरही लपत नाही; तो लपला तर विनोदच संपला. गवळणींना मथुरेच्या बाजाराला घेऊन निघालेली, डोक्यावरचा पदर सावरत पेंद्याशी हुज्जत घालणारी आपली मावशी याच जातीची आहे.

पँटोमाइम म्हणजे येथे मूकनाट्य नव्हे. सिंड्रेला, अल्लाउद्दीन यांसारख्या गोष्टींवर रचलेला, गाणी, नाच आणि धांगडधिंगा यांनी भरलेला तो खेळ असून डिसेंबर-जानेवारीत गावोगावच्या नाट्यगृहांत होतो. अल्लाउद्दीनची आई, म्हणजे विधवा ट्वँकी, ही डेमच्या भूमिकांतली सर्वांत गाजलेली. ती धोबीण असते, कायम कर्जात बुडालेली असते, आणि १८६१ सालच्या एका लंडनी प्रयोगात तिला हे नाव मिळाले ते त्या काळी खपणाऱ्या एका चिनी चहावरून. ती दर प्रवेशाला नवा, आधीच्यापेक्षा विचित्र झगा घालून येते, प्रेक्षकांत गोळ्या-चॉकलेटे उधळते आणि पहिल्या रांगेतल्या एखाद्या गृहस्थाला हेरून खेळ संपेपर्यंत त्याच्याशी लाडीगोडी करत राहते.

एक ठरलेला प्रसंग सांगतो. डेम सोबत्यांसह बाकावर बसून गाणे म्हणत असते आणि मागून भूत येते. पोरे ‘मागे बघ, मागे!’ म्हणून घसा फोडतात, पण ती मान वळवीपर्यंत भूत दडलेले असते. असे करत एकेक सोबती नाहीसा होतो, शेवटी डेम आणि भूत समोरासमोर येतात, आणि तिचा चेहरा पाहून भूतच किंचाळत पळ काढते.

आपल्याकडे पुरुषांनी लुगडे नेसले ते बव्हंशी नाइलाजाने, कारण घरंदाज बाई रंगमंचावर येत नव्हती. इंग्लंडमध्ये मात्र १६६० नंतर स्त्रिया नाटकांत काम करू लागल्या होत्या आणि डेमची खरी भरभराट झाली ती एकोणिसाव्या शतकात, नट्यांची वाण नसताना. तेव्हा ही निवड होती, अडचण नव्हे. गंमत म्हणजे त्याच खेळात तरुण नायकाचे काम बहुधा नटी करत असे. डेमला आजचे रूप दिले ते डॅन लेनो या नटाने. १८८८ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०४ पर्यंत, लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात तो नाताळचा हुकमी नट होता. गरीब वस्तीतल्या बडबड्या, सोशिक आणि तोंडाने फटकळ बायका त्याने अशा हुबेहूब उभ्या केल्या की, निव्वळ सोंगाला स्वभाव मिळाला. पुढे या भूमिकेचा मान इतका वाढला की, शेक्सपिअरच्या नाटकांसाठी नावाजलेल्या इयन मॅकेलन यांनीही २००४ साली ओल्ड विक नाट्यगृहात ट्वँकी साकारली.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले साड्या नेसून नाचतात आणि लोक हसतात. मला ते स्त्रियांची टिंगल वाटते. डेमही तसेच नव्हे काय?
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : काही वेळा तसेच असते, सिंड्रेलाच्या ‘कुरूप बहिणी’ हेही पुरुषच करतात आणि तेथे हसू पुष्कळदा केवळ दिसण्यावर बेतलेले असते. पण चांगली डेम हसवते ती आपल्या ऐटीमुळे : घरात दमडी नाही, देणेकरी दारात उभा, आणि ही बाई मात्र राणीच्या थाटात त्यालाच दम देते. सासू-दादल्याची गाऱ्हाणी मांडणारी पैठणच्या एकनाथांची भारुडे आपल्या मराठवाड्यात पुरुष भारुडकार डोक्यावर पदर घेऊन रंगवतात, तेव्हा हसू त्या सुनेचे येत नाही, तिच्या वाट्याला आलेल्या संसाराचे येते. तुमच्या शाळेतल्या नाचात साडीपलीकडे काहीच नसते, म्हणून तो तुम्हाला खटकतो, आणि ते रास्तच आहे. पुढच्या वर्षी त्या मुलाच्या हाती आधी चार संवाद द्यावेत. ही बाई राहते कुठे, तिचे कोणाशी वाकडे आहे आणि रेशनच्या रांगेत ती काय बोलेल, हे त्याला ठरवू द्यावे. साडी तालमीच्या शेवटच्या आठवड्यात आणली तरी चालेल.