गोड बोलून दिलेला नकार हाही भेदभावच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीला जन्मापासून दिसत नाही. ती नोकरी करते. बँकेने पगाराचं खातं उघडून दिलं, पण चेकबुक आणि एटीएम कार्ड द्यायचं नाकारलं. मॅनेजर अगदी आपुलकीने म्हणाले, ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी सांगतोय, वडिलांबरोबर जॉइंट खातं करा.’ कुणी अपमान केला नाही, आवाज चढवला नाही. मग याला भेदभाव म्हणायचं का, आणि म्हटलं तर पुढे करायचं काय?

हो, हा भेदभावच आहे. मी स्वतः कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) लावून चालतो आणि ओळखीपाळखीच्यांना असे तक्रारअर्ज लिहून देतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना असंच गोड बोलून परत पाठवलेलं असतं, आणि त्यामुळेच ते गप्प बसतात. एवढ्या चांगल्या माणसाविरुद्ध तक्रार कशी करायची, असं त्यांना वाटतं. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधली भेदभावाची व्याख्या नुसता हेतू बघत नाही, परिणामही बघते. अपंगत्वामुळे कुणाला वगळलं, कुणावर बंधन घातलं आणि त्यामुळे इतरांसारखा हक्क वापरता आला नाही, तर तो भेदभाव. गरजेची वाजवी सोय, म्हणजे समोरच्यावर अवाजवी भार न पडता करून देता येणारा बदल, नाकारणं हेही त्याच व्याख्येत येतं. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत तर बँकेला वाद घालायलाही जागा नाही. रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच सगळ्या बँकांना परिपत्रक काढून कळवलं आहे की दृष्टिहीन व्यक्ती करार करायला कायद्याने पूर्ण सक्षम आहेत; चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड यांतलं काहीही त्यांना भेदभाव न करता दिलंच पाहिजे. दुसऱ्याच्या नावे चेक देण्याची सोयसुद्धा त्यात आली. वर २०१६ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं की स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच आहे. जॉइंट खातं ही तिची इच्छा असेल तर जरूर करावं. अट म्हणून ते तिच्यावर लादता येत नाही.

‘सुरक्षितता’ या कारणाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण नकार देताना सर्वांत जास्त तेच पुढे केलं जातं. जीजा घोष यांचं प्रकरण बघा. त्यांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हालचालींवर परिणाम करणारं मेंदूशी संबंधित अपंगत्व आहे. २०१२ मध्ये एका परिषदेसाठी निघालेल्या असताना त्यांना विमानात बसल्यानंतर खाली उतरवलं गेलं. त्यांची तब्येत बिघडेल असं विमान कंपनीने डॉक्टरांचा सल्ला न घेता परस्पर ठरवून टाकलं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. धोका खरोखर आहे की नाही हे न तपासता, नुसत्या समजुतीवर एखाद्याला बाजूला काढणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. बहिणीला फसवलं जाईल अशी भीती बँकेला वाटत असेल, तर बोलणारं एटीएम कुठे आहे ते सांगावं, व्यवहाराचे मेसेज चालू करून द्यावेत, पिन कसा जपायचा ते समजवावं. फसवणूक डोळस माणसांचीही होते, म्हणून त्यांची कार्डं कुणी अडवून ठेवत नाही.

आता करायचं काय. तोंडी बोलणं आजच थांबवा. शाखेला एक पानाचा अर्ज द्या: कोणत्या तारखेला काय मागितलं, कुणी काय कारण देऊन नाकारलं, आणि नकार कायम असेल तर तो कारणासह लेखी द्यावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. याला आधार आहे. याच कायद्याखाली केलेल्या २०१७ च्या नियमांतल्या नियम ३ नुसार भेदभावाची तक्रार आल्यावर आस्थापनेच्या प्रमुखाने एकतर कारवाई करायची, नाहीतर आपलं वागणं उचित हेतूसाठी आणि त्या प्रमाणात कसं होतं हे तक्रारदाराला लेखी कळवायचं. माझा अनुभव असा की बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण तोंडाने सहज दिलेलं कारण सहीनिशी लिहून द्यायला कुणी धजावत नाही. त्याच नियमात असंही आहे की वाजवी सोयीचा खर्च दिव्यांग व्यक्तीच्या माथी मारता येत नाही. नोकरीच्या ठिकाणी स्क्रीन रीडरचे (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) पैसे कुणी बहिणीकडे मागितले तर हे आठवा.

तीस दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. त्याला फी लागत नाही. शिवाय राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. राष्ट्रीयीकृत बँक असेल तर दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांकडे. मात्र एक खरं सांगायला हवं: आयुक्त शिफारस करतात. ती तीन महिन्यांत अमलात आणायची असते, आणि मान्य नसेल तर तसं कारण देऊन कळवावं लागतं, पण न्यायालयाच्या हुकमासारखी ती लगेच राबवून घेता येत नाही. शेवटी उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. हे इतक्या कमी लोकांना ठाऊक असतं की मला दर वेळी वाईट वाटतं.

‘प्रमाणपत्रावर चाळीस टक्के अपंगत्व नाही, मग तुम्हाला काही मिळणार नाही’ असंही लोकांना सांगितलं जातं. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. भेदभाव न होण्याचा हक्क टक्क्यांवर अवलंबून नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेत उत्तरं लिहून देणाऱ्या लेखनिकाबद्दल हेच सांगितलं: गरज असेल तर चाळीस टक्क्यांखालच्या उमेदवारालाही तो नाकारता येणार नाही.

चारचौघांत मुद्दाम अपमान केला किंवा धमकावलं तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली तो गुन्हा ठरतो, सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. तुमच्या प्रकरणात ते लागू नाही, उगाच अर्जात घालू नका. चुकीचं कलम दिसलं की समोरचा तेवढंच धरून बसतो.

आणि अर्ज बहिणीच्या नावाने, तिच्या सहीने किंवा अंगठ्याने जाऊ द्या. तुम्ही टाइप करून द्या, सोबत जा, पण काउंटरवर बोलू दे तिला. तिच्याऐवजी तुमच्याशी बोलायला सुरुवात झाली तर ‘खातं तिचं आहे, तिलाच विचारा’ एवढंच म्हणा.