आधी उतरवून काढ

प्रिय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्याच मुक्कामात चाळीस तासांचं रेकॉर्डिंग करून आलीस आणि आता अडलीस. गाईड म्हणतात, त्यातली एखादी क्रियापदरचना उचल, प्रबंध लिही, मोकळी हो. तुला वाटतं, पुन्हा जावं, आणखी गोळा करावं, कारण ती भाषा बोलणारी अकराच माणसं उरलीत. भाषा का जपायची, हे मी तुला सांगत बसत नाही. ते कळत नसतं तर तू तिथं गेलीच नसतीस. मला एकच सांग, चाळीसपैकी ऐकून शब्दन्शब्द कागदावर उतरवून किती काढलेस? पत्रात त्याचं अवाक्षर नाही.

आधी उतरवून काढ. ज्यांचा आवाज आहे त्यांच्याच शेजारी बसून.

१९९४ साली मीही तास मोजत होतो. एका आजींनी दोन भावांची गोष्ट सांगितली. मध्येच एक वाक्य बोलल्या आणि खोलीतली सगळी माणसं हसली. मीही हसलो. अर्थ विचारला नाही, कारण संध्याकाळी पुढची वस्ती गाठायची होती. तीन वर्षांनी ती कॅसेट उतरवायला घेतली, तर त्या वाक्यातल्या क्रियापदाला लागलेला एक प्रत्यय दुसरीकडे कुठंच सापडेना. परत गेलो, आजी नव्हत्या. त्यांच्या मुलाला ऐकवलं. तो बराच वेळ कान देऊन बसला आणि म्हणाला, "आवाज आईचाच आहे. पण काय म्हणते, ते नाही समजत." माझ्या व्याकरणात तो प्रत्यय प्रश्नचिन्हासकट छापलेला आहे.

हे काम वेळ खातं, ठाऊक आहे. जिचा कोशही नाही अशा भाषेतल्या एका तासाच्या गप्पा अर्थासकट उतरवायला पन्नास-शंभर तास सहज जातात. म्हणूनच सगळे ते पुढं ढकलतात. तू ढकलू नकोस. एक वाक्य ऐकव, थांबव, सावकाश पुन्हा म्हणायला लाव, आणि ते सावकाश म्हणणंही रेकॉर्ड कर. सुराच्या चढउतारानं शब्दाचा अर्थ बदलत असेल तर तेच वाक्य शिटीवर वाजवून दाखवायला सांग. व्यंजनं गळून नुसता सूर उरतो. घरी एकटीनं हेडफोन लावून यातलं काही साधत नाही. कॉकेशसमधल्या उबिख भाषेत ऐंशीहून अधिक व्यंजनं होती. तिचे शेवटचे भाषक तेव्हफिक एसेंच १९९२ साली गेले. त्याआधी अभ्यासक वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर बसले, म्हणून आज ती व्यंजनं एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात. नुसत्या टेपवर कोणाच्या कानाचा भरवसा धरणार होतो आपण?

आणि तो अमेरिकन भाषाभ्यासक हॅरिंग्टन. कॅलिफोर्नियातल्या भाषांची त्याची टिपणं लाखो पानांची आहेत. त्यांतली मुत्सुन भाषा बोलणाऱ्या असेन्सिओन सोलोरसानो यांच्याजवळ तो त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत बसून लिहून घेत होता. १९३० च्या जानेवारीत त्या गेल्या. आज मुत्सुन लोक आपली भाषा पुन्हा शिकताहेत, ती मुख्यतः त्या कागदांवरून. हॅरिंग्टननं छापलं मात्र फार थोडं. माझेही निबंध मोजकेच आहेत, त्यापायी एक बढती हुकली, आणि निवड समितीपुढं मी सांगितलं होतं की माझी कमाई माझ्या टिपणवह्यांत आहे. त्यांना ते पटलं नाही. मला अजून पटतं. हे मी तुला सांगतोय की त्या समितीला, कोण जाणे. पण वह्या आहेत, आणि त्या त्यांच्या लोकांना वाचता येतात.

नोकरीचं विचारलंस. जागा थोड्या आहेत, हे खरं. कोशाचं काम, संग्रहालयं, अध्यापन, संगणकाला बोलणं ओळखायला शिकवणारं वाचा-तंत्रज्ञान, यांतलं काहीतरी धरावं लागेल. धर. त्यात कमीपणा नाही. गाईडचा सल्लाही वाईट नाही, प्रबंध एका रचनेवरच होऊ दे. पण ती रचना दहा तास नीट उतरवल्यावर निवड, म्हणजे ती तुझ्या प्रश्नावलीतून न येता त्यांच्या बोलण्यातून वर येईल. दहाच तास. उरलेले तीस तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव आणि परवानगी नोंदवून संग्रहात ठेव. चाळीसच्या चाळीस हातात धरून बसलीस, तर माझ्यासारखं होईल.

पुन्हा जरूर जा. रेकॉर्डर यावेळी बॅगेत तळाशी राहू दे. लॅपटॉप ने, स्पीकर ने. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी मोठे हेडफोन ने. त्या अकरांपैकी ज्यांचं वय सर्वांत जास्त आहे त्यांच्याकडे आधी बस. त्यांना त्यांचंच रेकॉर्डिंग ऐकव, आणि जिथं सगळे हसलेत, त्या जागेपासून सुरुवात कर.

तुझा,
जुना शिक्षक