वाचकांचे प्रश्न: एका शहरातून दुसऱ्या शहरात, वाटेत बघत बघत

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजेसमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर होते, ट्रेन किंवा बसने न जाता प्रायव्हेट गाडी करायची आणि वाटेतली ठिकाणं बघत पुढच्या गावी मुक्कामाला पोचायचं. म्हणून यावेळी सगळी उत्तरं त्यावरच देतेय.

प्रश्न: ताई नमस्कार. डिसेंबरमध्ये आम्ही सहा जण उदयपूर-जोधपूर करतोय. सासू-सासरे दोघंही सत्तरीच्या पुढचे आहेत आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. उदयपूरहून जोधपूरला जाताना एकलिंगजी, नाथद्वारा, हल्दीघाटी, कुंभलगड, राणकपूर आणि ओम बन्ना असं सगळं एका दिवसात दाखवतो असं गाडीवाला म्हणतोय. जमेल का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: नाही जमणार, आणि गाडीवाल्याने हो म्हटलं तरी तुम्ही नाही म्हणा. गाडी प्रत्येक ठिकाणी थांबेल, त्याचं काम तेवढंच आहे, पण तुम्हाला काहीच बघून होणार नाही. उदयपूर ते कुंभलगड साधारण 85 किलोमीटर, त्याला दोन तास लागतात, मग कुंभलगड ते राणकपूर अंतर कमी असलं तरी रस्ता अरुंद आणि वळणांचा, तास-सव्वा तास धराच, आणि राणकपूरहून जोधपूर अजून 165-170 किलोमीटर म्हणजे तीन-साडेतीन तास. नुसतं गाडीत बसणं साडेसहा तास झालं, अजून चहा नाही, जेवण नाही, बाथरूमला थांबणं नाही. ज्येष्ठ मंडळी बरोबर असली की दर दीड-दोन तासांनी थांबावं लागतं, ते मॅपमध्ये कुठेच दिसत नाही.

नाथद्वाऱ्याचं तर वेगळंच आहे. श्रीनाथजींचं दर्शन दिवसभर सलग उघडं नसतं, मंगला, शृंगार, ग्वाल, राजभोग अशी दिवसाची आठ दर्शनं, प्रत्येक थोडाच वेळ, मधे पट बंद. तुम्ही पोचलात आणि नुकताच पट बंद झाला तर बसून राहायचं नाहीतर दर्शन न घेता निघायचं, आणि सासूबाईंना तिथून दर्शनाशिवाय निघा म्हणून कोण सांगणार? म्हणून एकलिंगजी, नाथद्वारा, हल्दीघाटी हे उदयपूरच्या मुक्कामातच वेगळ्या दिवशी करा, नाथद्वारा उदयपूरहून पन्नासेक किलोमीटरवरच आहे, संध्याकाळी आरामात परत येता.

आता कुंभलगड. राणा कुंभाने 15व्या शतकात बांधलेला, महाराणा प्रतापांचं जन्मस्थान, 36 किलोमीटर लांबीची तटबंदी, 2013 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. मला स्वतःला राजस्थानातला हा सगळ्यात आवडता किल्ला आहे. पण गाडी खाली दरवाज्यापाशी सोडते आणि वर बादल महालापर्यंत चढण चांगलीच खडी आहे, फरसबंदीची असली तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती चढायला लावू नका. एकाने खाली बसायचं आणि बाकीच्यांनी घाईघाईत वर जाऊन यायचं यात कोणालाच मजा येत नाही.

त्यामुळे तुमच्यासाठी मी फक्त राणकपूर ठेवीन. उदयपूरहून थेट राणकपूर 90 किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी नऊ-साडेनऊला नाश्ता करून आरामात निघा, कारण तिथल्या जैन मंदिरात सकाळची वेळ पूजेची असते आणि बघायला येणाऱ्यांना दुपारी बारानंतर सोडतात. हे लक्षात ठेवा, सात वाजता निघून नऊला दारात जाऊन बसणारे खूप जण असतात. वाटेत शेतांमधून अजून बैलाने चालणारे रहाट दिसतात, बैल गोल फिरतोय आणि डब्यांच्या माळेतून पाणी पाटात पडतंय, तिथे दहा मिनिटं थांबा, सासऱ्यांना नक्की आवडेल, आमच्या पिढीने हे गावाकडे बघितलंय पण मुलांनी नाही.

राणकपूरचं चौमुखा मंदिर आदिनाथांचं, धरणाशाह नावाच्या व्यापाऱ्याने राणा कुंभाच्या काळात बांधायला घेतलेलं, आत संगमरवराचे 1444 खांब आहेत आणि एकासारखा दुसरा नाही असं सांगतात. एका जागी बसून फक्त वर बघा. उन्हं सरकतात तसा दगडाचा रंग बदलत जातो, पांढरा होता तो थोड्या वेळात पिवळसर वाटायला लागतो, आणि हे बघायला एक तास तरी आत पाहिजे. चामड्याची वस्तू आत नेता येत नाही, पट्टा-पाकीट गाडीतच ठेवा, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चढायला थोड्या पायऱ्या आहेत पण सावकाश होतात. तिथल्या भोजनशाळेत साधं जैन जेवण मिळतं, कांदा-लसूण नाही, गरम गरम वाढतात, वेळ आधी विचारून ठेवा.

तिथून तीनच्या आत निघालात तर सहा-साडेसहाला जोधपूर. डिसेंबरात सूर्य लवकर मावळतो आणि अंधारात त्या रस्त्यांवर गुरं मधे येतात. ओम बन्ना म्हणजे बुलेट मोटारसायकलवाल्या बाबांचं ठाणं पाली-जोधपूर हायवेवरच आहे, चहाला तिथेच थांबा, वेगळा वेळ द्यायची गरज नाही. आणि कुंभलगड बघायचाच असेल तर एक रात्र कुंभलगडलाच मुक्काम करा, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर ज्यांना चढायचंय ते चढतील, ज्येष्ठ मंडळी हॉटेलात आराम करतील, आणि दुसऱ्या दिवशी राणकपूर करून जोधपूर. पैसे थोडे जास्त जातील पण माझं मत विचाराल तर हेच करा.

अजून एक, सहा माणसं म्हणजे इनोव्हाच लागेल पण मागची सीट उघडली की डिकीत बॅगांना जागा उरत नाही. वर कॅरिअर असलेली गाडी मागा, ताडपत्री आणि दोरी आहे का तेही विचारा.

प्रश्न: पुण्याहून गोव्याला चार जण जातोय, कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन आणि जेवण, मग आंबोली आणि सावंतवाडी बघून पणजी. एक जण ‘वन वे’ म्हणून स्वस्त रेट देतोय, दुसरा जवळजवळ दुप्पट सांगतोय. फसवतंय कोण?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: बहुतेक कोणीच फसवत नाहीये, दोघं वेगवेगळ्या गोष्टीचा भाव सांगतायत. पुणे-पणजी साधारण 450 किलोमीटर. समजा दर किलोमीटरला 14 रुपये आहे, तर जो फक्त जाण्याचे पैसे लावतो तो 6,300 म्हणेल आणि जो गाडी रिकामी परत आणायचे धरतो तो 900 किलोमीटरचे 12,600 म्हणेल. पहिल्याला परतीचं गिऱ्हाईक मिळायची खात्री असते किंवा गाडीच गोव्याची असते आणि पुण्याला कोणाला तरी सोडून परत चाललेली असते, याला रिटर्न गाडी म्हणतात आणि अशी मिळाली तर उत्तमच.

पण ‘वन वे’च्या त्या स्वस्त भावात तुमचे थांबे बसतायत का हे विचारलंत का? बऱ्याच वन वे बुकिंगमध्ये रस्ता ठरलेला असतो, वाट वाकडी केली की जादा किलोमीटर आणि ठराविक वेळेपेक्षा जास्त थांबलात की वेटिंग चार्ज. तुम्ही कोल्हापुरात गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावून दर्शनाच्या रांगेत उभे राहणार, मग तांबडा-पांढरा, म्हणजे अडीच-तीन तास सहज गेले. हे तोंडी सांगून उपयोग नाही. व्हॉट्सअपवर गावांची नावं आणि प्रत्येक ठिकाणचा वेळ लिहून पाठवा, ‘कोल्हापूर तीन तास, आंबोली अर्धा तास, सावंतवाडी एक तास, या सगळ्यासकट भाव सांगा’ आणि त्याचं लेखी उत्तर घ्या. टोल, पार्किंग, राज्याबाहेरचा टॅक्स, ड्रायव्हरचा भत्ता, जीएसटी हे भावात धरलंय का वर लागणार तेही त्याच मेसेजमध्ये. निघताना मीटरच्या किलोमीटरचा फोटो काढून ठेवा, आणि किलोमीटर तुमच्या दारापासून मोजतात की गॅरेज टू गॅरेज तेही विचारा, गाडी हडपसरला आणि तुम्ही बाणेरला असाल तर फरक पडतो.

राउंड ट्रिप करणाऱ्यांसाठी पण सांगून ठेवते, दिवसाला कमीत कमी 250 किंवा 300 किलोमीटर धरतात, तुम्ही 100च फिरलात तरी. आणि दिवस म्हणजे बऱ्याच ठिकाणी रात्री बारा ते रात्री बारा, चोवीस तास नाही, त्यामुळे घरी रात्री एक वाजता पोचलात की अजून एक पूर्ण दिवस लागतो आणि वर नाइट चार्ज. यावरून शेवटी दारात भांडणं होतात, आधी विचारलं की होत नाहीत.

नंबरप्लेट बघा. पिवळी पाटी काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी परमिटची गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी, कारण ती भाड्याने चालवणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते. पाचशे-हजार रुपये वाचवायला घरच्या माणसांना त्यात बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

रस्त्याचं म्हणाल तर पुण्याहून पहाटे पाचला निघा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आंबोलीला धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते आणि धुकं असं उतरतं की समोरची गाडी दिसत नाही, घाट उजेडात उतरलेला बरा. तुमच्याकडे वेळ कमी पडला तर आंबोलीचा थांबा सोडा पण सावंतवाडीचा ठेवा. मोती तलावाच्या काठी राजवाडा आहे, तिथे गंजिफाचे गोल पत्ते अजून हाताने रंगवतात, जवळ बसून बघता येतं, एवढ्याशा पत्त्यावर दशावतारातला एकेक अवतार बारीक ब्रशने काढतात. चितारआळीत लाकडी फळं-भाज्या आणि खेळणी मिळतात, लहान मुलं असतील तर तासभर तिथेच जातो. आणि पणजीत पोचलात की सामान उतरवून गाडी सोडून द्या, गोव्यात फिरायला तिथलीच टॅक्सी किंवा दुचाकी घ्या, बाहेरच्या टॅक्सीने लोकल फिरायला लागलं की तिथल्या टॅक्सीवाल्यांशी वाद होतात.

प्रश्न: रात्रीच्या ट्रेनने ठाण्याहून जळगाव, तिथून गाडीने अजिंठा बघून त्याच गाडीने छत्रपती संभाजीनगर आणि वाटलं तर वेरूळ पण त्याच दिवशी. सामान गाडीत ठेवून लेणी बघायची असं डोक्यात आहे. रविवारी रात्री निघू.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: रविवारी रात्री निघालात तर सोमवारी अजिंठ्याला पोचाल आणि सोमवारी अजिंठा बंद असतं. वेरूळ मंगळवारी बंद. म्हणजे तुमचे दोन्ही दिवस वाया. शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री निघा.

बाकी बेत छान आहे, उलट संभाजीनगरहून जाऊन-येऊन 200 किलोमीटर करण्यापेक्षा हाच बरा. जळगावहून अजिंठा साधारण 60 किलोमीटर आणि पुढे सिल्लोड, फुलंब्री करत संभाजीनगर 100. खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरजवळच्या टी पॉइंटला थांबते आणि तिथून एसटीच्या बसने चारेक किलोमीटर आत जायचं. त्यामुळे ड्रायव्हरला चार तास थांबायला लागेल असं आधीच सांगा. सामान डिकीत, लॉक करून, वर काही दिसणार नाही असं ठेवा, पण पैसे, कागदपत्रं, दागिने, औषधं अंगाबरोबरच.

वेरूळ त्याच दिवशी नको, अजिंठा घाईत करायची जागाच नाही. पहिल्या लेण्यात शिरलात की आधी काहीच दिसत नाही, लोक लगेच मोबाईलचा टॉर्च काढतात, फ्लॅश तर चालतच नाही. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की समोर भिंतीवर बोधिसत्त्व पद्मपाणी दिसायला लागतो, खाली झुकलेली नजर, हातात निळं कमळ, मग मुकुटाचं बारीक काम. वेळ संपत आला म्हणून बरेच जण 17 नंबरवरून मागे फिरतात, तसं करू नका, 26 नंबरला बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची आडवी मूर्ती आहे, सात मीटरच्या आसपास लांब, ती बघूनच या. चालवत नसेल त्यांना डोली मिळते. दुपारी तीनला निघालात तर संध्याकाळी संभाजीनगर, वेरूळ दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी.

प्रश्न: ड्रायव्हर मधेच एम्पोरियमला थांबवतो, नाही म्हणायला कसंतरी वाटतं. आणि त्याच्या जेवणा-झोपण्याचं आपण बघायचं असतं का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: निघतानाच चहा पिताना सांगून टाका, ‘दादा, दुकानाला थांबायचं नाही, आम्हाला वेळ देवळात घालवायचाय.’ शांतपणे सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. त्यांना त्या दुकानात कमिशन मिळतं हे खरं आहे, पण वाटेत एक तास गेला की तो तुमच्या मुख्य थांब्यातून जातो.

भत्ता ठरलेला असला की जेवण त्यात धरलेलं असतं, तरी आपण जेवायला बसलो की त्यांनाही ‘जेवून घ्या’ म्हणावं, तेवढं आपल्याकडे कोणीही करतं. झोपण्याचं मात्र जरूर बघा. हॉटेल बुक करताना ड्रायव्हरसाठी खोली किंवा डॉर्मिटरी आहे का विचारा, नसेल तर जवळ कुठे सोय आहे ते बघून ठेवा, कारण रात्रभर गाडीत डास मारत काढलेल्या माणसाला सकाळी सहाला घाट चालवायला लावणं धोक्याचं आहे. आदल्या रात्री उशीर झाला असेल तर दुसऱ्या दिवशी तुम्हीच तास-दोन तास उशिरा निघा, एक छोटा थांबा कमी करा आणि पुढच्या हॉटेलला फोन करून चेक-इन उशिरा होईल असं कळवून टाका.